चार तुकड्यांचा रॉड

दुकानातून मासेमारीचा रॉड विकत घेणाऱ्या माणसाची मला कीव येते. राग नाही, कीव! एका साच्यातून हजार काढलेले, सगळ्यांच्या हाताला बसावेत म्हणून कुणाच्याच हाताला न बसणारे ते दांडके! त्याला रॉड म्हणायचं असेल तर झाडूच्या दांड्यालाही म्हणा, माझी काही हरकत नाही.

आणि त्यातही फ्लाय फिशिंगचा रॉड! ज्यांना हे काय ते माहीत नसेल, म्हणजे तुम्हा जवळजवळ सगळ्यांसाठी, सांगतो. ह्यात गळाला गांडूळबिंडूळ लावायचं नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी करायची, लांब लवचिक रॉडनं ती भिरकावायची आणि पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला वाटावं, आली न्याहारी! तिथे दुकानातलं दांडकं काय कामाचं? तिथे रॉड हातानंच बनवावा लागतो, एकेका माणसाच्या पंजाचं माप घेऊन. ही कला आमच्या अख्ख्या शहरात एकाच माणसाला येते. त्याचं नाव सांगत नाही. स्वतःची स्तुती मला आवडत नाही.

तसा मी पंपांच्या कारखान्यात तपासनीस आहे. इतरांनी केलेल्या मालातल्या चुका काढायच्या आणि तो परत पाठवायचा, हे माझं काम. त्यामुळे चूक मला लांबूनच दिसते. दुसऱ्याची चूक तर भिंतीपलीकडची असली तरी दिसते!

आतापर्यंत मी दोन रॉड बनवले होते. पहिल्यावर सध्या आमच्या स्वयंपाकघरातला पडदा लटकतो आणि दुसऱ्यानं आमची ही जळमटं काढते. पण ह्यात दोष तिच्या नजरेचा आहे, रॉडचा नाही.

तर झालं असं, की सासऱ्यांचा रॉड मोडला. म्हणजे मी मोडला. म्हणजे मोडला गाडीच्या डिकीनं, डिकी फक्त मी आपटली होती. सव्वीस वर्षं जपलेला चार तुकड्यांचा रॉड, ‘टक्’ असा आवाज झाला आणि चाराचे पाच झाले.

आमचे सासरे म्हणजे निवृत्त घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. समोरच्याकडेही अशा नजरेनं बघतात की आपलं नेमकं कोणतं चाक झिजलंय ते ह्यांना कळलं, असं वाटत राहतं. बोलणं जवळजवळ नाहीच. वर्षातून एकदा त्यांचे तीन दोस्त आणि ते नदीवर जातात, तीन दिवस राहतात, आणि मला वाटतं तिथेही बोलत नाहीत. मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचं जाणं हुकलं होतं. यंदा हुकून चालणारच नव्हतं, कारण चौघांतला एकजण पुढच्याच महिन्यात कायमचा मुलीकडे परदेशी निघाला होता. चौघं मिळून जाण्याची ही शेवटची खेप. आणि बरोबर तीन आठवडे आधी मी डिकी आपटली.

सासऱ्यांनी ते पाचही तुकडे एकेक करून उचलले. मग म्हणाले, “दुकान चौकातच आहे.”

“दुकान?” मी किंचाळलोच. “बाबा, मी जिवंत असताना तुमच्या हातात दुकानातला रॉड? शक्य नाही! मी बनवतो. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तुमच्या हातात असा रॉड ठेवतो, की मासे आपणहून रांग लावतील!”

“जीप रविवारी सकाळी सातला निघते,” सासरे म्हणाले.

“मग काय! आदल्या दिवशी तयार!”

ही मला बाजूला घेऊन म्हणाली, “अहो, दहा मिनिटांचं काम आहे. घेऊन टाका ना दुकानातून. तुमच्या नादात बाबांचं जाणं हुकलं तर?”

“ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये,” मी म्हणालो. हिनं स्वयंपाकघरातल्या पडद्याकडे एकदा बघितलं आणि ती आत गेली.

पुढचे तीन आठवडे मी घाम गाळला. वर्तमानपत्रावर सासऱ्यांचा पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवून घेतला. बुचाच्या चकत्या एकमेकींना चिकटवल्या, घासल्या आणि मूठ घडवली. तो भुसा हिच्या नाकात गेला, पलंगावर गेला, एकदा धणेपूड समजून आमटीत... जाऊ द्या. दोरी ज्यांतून धावते त्या कड्या रॉडवर रेशमी दोऱ्यानं बांधल्या. वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसाएवढीही फट नाही. सासऱ्यांनी दोरा काळा सांगितला होता. मी मोरपंखी घेतला. रंगातलं घड्याळजीला काय कळणार?

शनिवारी सकाळी शेवटचं काम उरलं. त्या दोऱ्यांवर रेझिनचा थर द्यायचा. म्हणजे दोन बाटल्यांतली दोन पातळ रसायनं सारखी सारखी घेऊन कालवायची, ब्रशनं लावायची आणि थर घट्ट होईपर्यंत चार तास रॉड सावकाश गोल गोल फिरवत ठेवायचा. थांबला की रेझिन खालच्या बाजूला ओघळलं, गोळा झालं, संपलं! ह्यासाठी दुकानात तयार यंत्र मिळतं. मी हसलो आणि घरातल्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर काढली. खोक्यांना खाचा पाडून त्यांत रॉडचे चारही तुकडे ठेवले आणि रबरबँडांनी त्या एकाच मोटरला जोडून दिले.

“मायक्रोवेव्ह का फिरत नाहीये?” आतून आवाज आला.

“कारण तो थांबलाय!” मी उत्तर दिलं. खोटं बोललो नाही.

दहा वाजता मी रसायनं कालवायला बसलो आणि दारावरची बेल वाजली. प्लंबर! स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता म्हणून हिनं बोलावला होता. एकाग्रता नावाची चीज ह्या घरात टिकूच द्यायची नाही, असा सगळ्यांचा कटच होता. दार उघडलं, त्याला आत ढकललं, परत येऊन कालवलं, लावलं, मोटर सुरू केली. चारही तुकडे एका चालीत फिरायला लागले! मोरपंखी दोरा काचेसारखा चमकत होता. मी खुर्चीत मागे रेलून स्वतःकडेच कौतुकानं बघितलं.

वीस मिनिटांनी मोटरमधून ‘कर्र’ असा आवाज आला आणि ती मेली.

“धावा!” मी ओरडलो. दोन हातांत दोन तुकडे धरून मी फिरवायला लागलो. “अगं ये ना! लवकर!”

ही धावत आली. “काय झालं? भाजलं का?”

“बोलू नकोस, फिरव! तो टोकाचा तुकडा धर! असं नाही, सावकाश! तुला साधं फिरवताही येत नाही?”

“आणि चौथा?”

“प्लंबर!” मी गर्जना केली.

प्लंबर हातात पाना घेऊन आला. त्यानं नळ काढून ठेवला होता आणि पाइपाच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. “साहेब, माझं काम अर्धवट आहे तिकडे.”

“तुझं काम कुणीही करेल! ही कला आहे! बस इथे आणि हे फिरव. अरे गाढवा, पाना खाली ठेव आधी!”

तो बिचारा बसला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई खाली आल्या. माझं ओरडणं ऐकून त्यांना वाटलं होतं, घरात कुणीतरी गेलं. दारातूनच डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, “कोण हो? कधी?”

“कुणी गेलेलं नाही. पण तुम्ही उभ्या राहिलात तर माझा रॉड जाईल! या, बसा, हा तुकडा धरा.”

बाई चांगल्या. बसल्या. पण फिरवता फिरवता ठेका धरला आणि पायानं ताल द्यायला लागल्या. बघता बघता त्यांचा तुकडा द्रुत लयीत गरगरायला लागला!

“अहो बाई, ही मैफल नाही! डोकं वापरा जरा! सावकाश!”

“विलंबितात म्हणा की मग,” बाई म्हणाल्या आणि लय खाली आणली.

अकरा वाजता सासरे आले. संध्याकाळी बोलावलं होतं, तरी सकाळीच! माणसाचा विश्वासच नाही. त्यांनी समोरचं दृश्य बघितलं. मुलगी, प्लंबर आणि गाण्याच्या बाई एका रांगेत बसून गंभीर चेहऱ्यानं काड्या फिरवताहेत आणि जावई एका हातानं चौथी फिरवत दुसऱ्या हातानं सगळ्यांना दम देतोय. सासरे खुर्ची ओढून टेबलासमोर बसले आणि माझ्या हातातला तुकडा घेतला. खरं सांगतो, काय फिरवला त्यांनी! एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. मी मोकळा झालो आणि देखरेखीला लागलो.

देखरेख हे मुख्य काम. बाकीचं काय, कुणीही करतं. मी रांगेमागून फेऱ्या मारत होतो. “खांदा पाड! मनगटातून! प्लंबर, जांभई द्यायची नाही! जांभईनं हात हलतो!”

“साहेब, माझा फोन वाजतोय. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे.”

“वाजू दे! त्याला म्हणावं, इथे एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“कुणाच्या?” त्यानं घाबरून विचारलं. मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. प्लंबरनं त्यांच्याकडे दयेनं बघितलं आणि निमूट फिरवायला लागला.

साडेबाराच्या सुमाराला आतून ‘फट्’ असा आवाज आला. पाइपातलं फडकं उडालं होतं. पाठोपाठ पाण्याचा आवाज, आणि मग दाराखालून खुद्द पाणीच! थेट आमच्या पायांपर्यंत!

“अहो, पाणी!” ही ओरडली आणि उठायला लागली.

“कुणी उठायचं नाही! पाय वर घ्या!”

चौघांनी पाय वर घेतले. फिरवणं चालूच! मी एकटाच मोकळा, म्हणून गच्चीवर पळालो आणि दिसला तो व्हॉल्व्ह बंद केला. खाली आलो तर पाणी येतच होतं. पुन्हा वर गेलो, दुसरा बंद केला. एकदाचं थांबलं. पंचा शोधून फरशी पुसायला घेतली, तोच दारात एक भूत उभं! कमरेला टॉवेल, डोकं आणि तोंड साबणानं पांढरंफेक. बाईंचे यजमान!

“पाणी कुणी बंद केलं?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

“तुम्ही ह्या वेळी अंघोळ का करता?” मी विचारलं. चढाई आपण आधी केलेली बरी.

“शनिवारी उशिराच करतात ते,” बाई तुकडा फिरवत म्हणाल्या. “अहो, इथे या ना, माझा हात भरून आलाय. दहा मिनिटं धरता का हे?”

“साबणाच्या हातानं अजिबात नाही!” मी आडवा आलो. “अक्कल गहाण ठेवलीय का? बाहेर व्हा!”

भूत धडपडत जिन्यावरून वर गेलं. मी पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे त्यांचा, उघडून द्यायला हवा होता, पण मला धाप लागली होती. त्यांनी पिण्याच्या पाण्यानं डोकं धुतलं असावं, कारण नंतर बराच वेळ वरून भांड्यांचा आवाज येत होता.

दोन वाजले. चार तास पूर्ण! मी विजयी मुद्रेनं पुढे झालो आणि कडीवर हलकेच बोट टेकवलं. बोट चिकटलं. ओढलं तर तार निघाली, पाकासारखी.

“झालं का?” हिनं विचारलं. तिची मान एका बाजूला वाकडी झाली होती.

“हवा दमट आहे,” मी म्हणालो. “घरभर पाणी करून ठेवलंत, वाळणार कसं? फिरवत राहा!”

आणि काही बिघडलंच नाही अशा थाटात मी टेबल आवरायला घेतलं. दोन्ही बाटल्या उचलल्या. एक बरीचशी रिकामी होती. दुसरी काठोकाठ भरलेली. झाकणाभोवतीचं सील जसंच्या तसं.

ती दुसरी बाटली म्हणजे हार्डनर. रेझिनला घट्ट करतो तो. बेल वाजली, मी उठलो, परत आलो आणि पुन्हा पहिल्याच बाटलीतून काढलं! रेझिनमध्ये रेझिन! म्हणजे हे चार तासांत वाळणार नव्हतं, चार दिवसांत नाही, आणि चौघंजण म्हातारे होईपर्यंत फिरवत बसले असते तरी नाही!

आता इथे एखाद्या साध्या माणसानं सांगून टाकलं असतं. मी बाटली गुपचूप पँटच्या खिशात सरकवली.

आणि मग, काय सांगू तुम्हाला, माझा आवाज आणखीच चढला. “प्लंबर, तुझ्यामुळे झालंय हे! अर्ध्या तासापूर्वी तू थांबला होतास, मी पाहिलं!”

“साहेब, शिंक आली होती हो.”

“शिंक! गाढवासारखा शिंकलास आणि माझ्या तीन आठवड्यांवर पाणी ओतलंस! बाई, तुमची लय बिघडली आहे! आणि तू, मान सरळ धर!”

“मान सरळ होत नाहीये,” ही रडवेल्या सुरात म्हणाली. “अहो, बाबा दमले असतील. सकाळी अकरापासून बसलेत. गुडघा दुखतोय त्यांचा.”

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचा एक पाय ताठ, पुढे सोडलेला. बोटं मात्र त्याच चालीनं फिरत होती. माझ्या खिशातली बाटली मला एकदम मणभर जड झाली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी काय केलं? मी त्यांच्या पायाखाली एक उशी ठेवली आणि म्हणालो, “आणखी तासभर, बाबा. उत्तम कामाला वेळ लागतोच.”

तासाभरानं मी पुन्हा बोट लावलं. पुन्हा तार निघाली.

पावणेचार वाजता प्लंबरनं स्वतःच बोट लावून बघितलं आणि हात वर केला. “साहेब, आम्ही पण पाइप जोडायला असलं दोन बाटल्यांचं वापरतो. ते अर्ध्या तासात दगड होतं. हे तर अजून मधासारखं आहे.”

“तुझ्या पाइपाची आणि माझ्या रॉडची बरोबरी करतोस? मूर्खा, हे वेगळं असतं! ह्याला अभ्यास लागतो! हे...”

“जावईबापू,” सासरे म्हणाले.

दिवसभरातला त्यांचा पहिला शब्द. त्यांनी आपला तुकडा खोक्याच्या खाचेत ठेवला. फिरवणं थांबवलं. माझ्या डोळ्यांदेखत मोरपंखी दोऱ्यावरून एक थेंब ओघळला आणि खाली लोंबायला लागला.

“डाव्या खिशात आहे ती बाटली उघडली असतीत, तर वाळलं असतं.”

सगळ्यांनी माझ्या डाव्या खिशाकडे बघितलं. मी बाटली बाहेर काढली. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्लंबरनं ती हातात घेतली, सील बघितलं आणि ती सगळ्यांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवली.

“तुम्हाला... तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“बसलो तेव्हाच. समोरच होती टेबलावर.”

“मग बोलला का नाहीत?”

सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “बघत होतो, तुम्ही स्वतःहून किती वेळात सांगता. पावणेपाच तास झाले. आता माझा पाय दुखायला लागला.”

बाई उठल्या. “मला आधी वाटलं होतं, ह्या घरात कुणीतरी गेलं,” त्या मला म्हणाल्या. “अजून वेळ गेलेली नाही.” आणि माझ्या बायकोकडे अर्थपूर्ण बघून वर निघून गेल्या. प्लंबर पाना उचलून नळाकडे गेला. जाताना म्हणाला, “साहेब, तिकडे तुम्ही येऊ नका. तिथे माझी कला आहे.”

ही मात्र उठली नाही. वाकड्या मानेनं तशीच बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. “उद्या सातला जीप आहे. आज शनिवार, दुकान दुपारीच बंद झालं असेल. बाबा आता काय नेणार? तुमचा अहंकार? शेवटची खेप होती हो त्यांची!”

मी मान खाली घालून म्हणालो, “बाबा, माझं चुकलं.”

“हं,” सासरे म्हणाले. खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी मुलीच्या हातात दिली. “डिकीत एक लांब नळकांडं आहे. घेऊन ये. डिकी हळू लाव.”

ही गेली आणि नळकांडं घेऊन आली. सासऱ्यांनी झाकण काढून आतून रॉड बाहेर काढला, चारही तुकडे एकेक करून जोडले आणि हवेत एकदा सपकन फिरवून बघितला.

“कधी आणलात?” मी विचारलं.

“जुना मोडला त्याच संध्याकाळी. चौकातून.”

“म्हणजे तीन आठवडे... मी इथे रोज... आणि तुम्ही पंजासुद्धा गिरवू दिलात?”

“तुम्हाला हौस होती,” सासरे म्हणाले.

मला राग आला. भयंकर राग आला! चूक कबूल केली, ते ठीक. पण शेवटी तो रॉड दुकानातला! मी हात पुढे केला. “बघू जरा,” मी म्हणालो, शक्य तितक्या तुच्छतेनं. त्यांनी दिला. मी तो डोळ्यासमोर आडवा धरला आणि कड्या एका रेषेत आहेत का बघितलं. होत्या. मूठ दाबून बघितली. घट्ट होती. वेढे बोटानं चाचपले. फट सापडली नाही. ही, सासरे, आणि स्वयंपाकघराच्या दारातून प्लंबर, तिघंही माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांच्या तपासनिशीत माझ्या हातून माल असाच सुटलेला नाही. काहीतरी निघणारच, अशी माझी खात्री होती. मी नाक मुरडलं आणि दोऱ्यावरच्या रेझिनवर अंगठा दाबून धरला.

वाळलेलं होतं.